शिंपला, गोड्या पाण्यातील : जलजीवालयातील संगोपन

शिंपला, गोड्या पाण्यातील : मृदुकाय संघाच्या द्विपुट वर्गातील, नद्या, ओढे, तलाव व तळी यांच्या तळाशी वाळूत किंवा गाळात अर्धवट रुतून राहणारा प्राणी. त्याचे मऊ शरीर दोन पुटांच्या (झडपांसारख्या भागांच्या) कवचात बंदिस्त असते. गोड्या पाण्यातील मोठ्या शिंपल्यांचा समावेश यूनिओनिडा या गणात होत असून जगात त्यांच्या सु. ९०० जाती आहेत. भारतात लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस, लॅमेलिडेन्स कोरियानसपॅरेसिया कॉरुगॅटा या जाती विशेष परिचित आहेत. यांपैकी पहिलीचे वर्णन लामार्क यांनी १८१९ मध्ये केले. ती महाराष्ट्रातील तळी, बंधारे व संथ वाहणाऱ्या नद्या यांत सामान्यपणे आढळते. कोकण व गोवा येथील बाजारांत मिळणाऱ्या तिसऱ्या, शिनाणे व कालवे हीही द्विपुटच होत. परंतु ती समुद्रातील किंवा खाडीच्या मचूळ पाण्यातील असल्याने गोड्या पाण्याच्या जलजीवालयात जगू शकत नाहीत.

घरगुती जलजीवालयात हा प्राणी बहुधा दोन कारणांसाठी ठेवला जातो. एक, तो पाणी गाळून स्वच्छ करतो अशी समजूत असते. दोन, त्यास वेगळे खाद्य द्यावे लागत नाही असे मानले जाते. पहिली समजूत अर्धसत्य असून दुसरी चुकीची आहे. शिंपला पाण्यातून जे काढून घेतो तेच त्याचे अन्न असते. म्हणून ज्या काचपात्रातील पाणी सदैव नितळ असते, त्या पात्रात शिंपल्याची उपासमार होते. ही उपासमार अनेक महिने चालत असल्याने ती सहसा लक्षात येत नाही. शिंपल्याच्या संगोपनातील बहुतेक सर्व अडचणी या एका गोष्टीतून उद्‌भवतात.

शरीररचना : कवचाची दोन पुटे पृष्ठीय बाजूस लवचिक बंधाने जोडलेली असतात. हा बंध पुटे उघडी ठेवण्यास मदत करतो, तर पुढील व मागील बाजूंचे दोन अभिवर्तनी स्नायू आकुंचन पावून ती मिटतात. पुटे मिटण्यास स्नायूंचा जोर लागतो आणि प्राणी मेल्यावर हा जोर नाहीसा होतो. म्हणून मेलेल्या शिंपल्याचे कवच आपोआप उघडते. पुटांच्या आतून प्रावार या पातळ पटलाचे अस्तर असते व तेच कवच तयार करते. कवच मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेटाचे असून त्याच्या आतील थराला मोत्यासारखी चमक असते. पुढील बाजूने बाहेर येणाऱ्या पाचरीच्या आकाराच्या स्नायुमय पायाने प्राणी वाळूत रुततो व सावकाश सरकतो. मागील टोकास प्रावाराच्या कडांपासून बनलेली दोन छिद्रे अथवा आखूड निनाल (नळ्या) असतात. खालच्या अंतर्वाही निनालातून पाणी आत येते व वरच्या बहिर्वाही निनालातून बाहेर जाते. रुतलेल्या शिंपल्याचे हेच टोक वाळूबाहेर दिसते.

अन्नग्रहण : प्रावारगुहेत दोन्ही बाजूंस पातळ पडद्यांसारखे क्लोम (कल्ले) असतात. त्यांवरील असंख्य पक्ष्माभिकांच्या (सूक्ष्म केसांसारख्या तंतूंच्या) लयबद्ध हालचालीने पाण्याचा प्रवाह सतत आत खेचला जातो. या प्रवाहातून श्वसनासाठी ऑक्सिजन मिळतो आणि त्यातील कण क्लोमांवर अडकतात. श्लेष्मल द्रव्यात गुरफटलेले कण क्लोमांच्या कडेने मुखाजवळच्या ओष्ठीय स्पर्शकांकडे नेले जातात. तेथे त्यांची निवड होते. योग्य कण मुखात जातात. नको असलेले किंवा अतिरिक्त कण श्लेष्मल द्रव्यात गुंडाळून गिळण्यापूर्वीच बाहेर टाकले जातात. या टाकाऊ गोळ्यांना मिथ्याविष्ठा म्हणतात. जठरात स्फटिकदंड ही फिरणारी पारदर्शक कांडी असते. तिच्यापासून पाचक एंझाइमे मिळतात व तिच्या फिरण्याने अन्न घुसळले जाते.

शिंपल्याच्या अन्नात एककोशिक हिरवी शैवले, करंडक वनस्पती, सूक्ष्मजंतू, अतिसूक्ष्म प्राणी आणि कुजणाऱ्या जैव पदार्थांचे बारीक कण असतात. उपयोगी कणांचा आकार साधारणपणे काही मायक्रॉनांपासून काही दशक मायक्रॉनांपर्यंत असतो (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटराचा हजारावा भाग). माशांसाठी मिळणाऱ्या गोळ्या, पापुद्रे किंवा त्यांचे हाताने केलेले तुकडे यांहून कितीतरी मोठे असल्याने ते शिंपल्याच्या उपयोगी पडत नाहीत. अतिशय लहान पिले मात्र तळाच्या गाळात राहून पायावरील पक्ष्माभिकांच्या साहाय्यानेही अन्नकण गोळा करतात.

जलजीवालयातील उपासमार : पूर्ण वाढलेला शिंपला जाती, आकार व तापमान यांनुसार तासाला सु. अर्धा ते एक लिटर पाणी गाळू शकतो. हा वेग धरल्यास दिवसाला १२ ते २४ लिटर पाणी त्याच्या क्लोमांमधून जाते. म्हणजे ६० लिटरांच्या काचपात्रातील सर्व पाण्याइतके पाणी तो अडीच ते पाच दिवसांत गाळतो. नदीत किंवा तळ्यात त्याच्याजवळ अन्नकणांनी युक्त असे नवे पाणी सतत येत असते. काचपात्रात तेच ते पाणी पुनःपुन्हा गाळले जाते आणि त्यात नवीन शैवल तयार होण्याचा वेग फारच कमी असतो. त्यातच यांत्रिक गाळणी, शैवलनाशक द्रव्ये, जंबुपार दिवा आणि वारंवार बदललेले नळाचे पाणी यांमुळे उरलेले कणही नाहीसे होतात. पात्र जितके निगुतीने राखलेले असेल तितका त्यातील शिंपला अधिक उपाशी असतो.

तरीही तो लगेच मरत नाही. शरीरात साठविलेल्या ग्लायकोजेनावर आणि नंतर स्वतःच्या ऊतकांवर तो कित्येक महिने निर्वाह करतो. हालचाल मुळातच कमी असल्याने आणि कवच बाहेरून तसेच राहत असल्याने आतील शरीर आक्रसत चालल्याचे दिसत नाही. त्यामुळे शिंपला पात्रात सहा महिने जगला एवढ्यावरून तेथील परिस्थिती त्यास मानवते असा निष्कर्ष काढता येत नाही. अनेक जातींचे नैसर्गिक आयुष्य दहा वर्षांहून अधिक असते. यूरोप व उत्तर अमेरिकेतील थंड ओढ्यांत राहणारा मार्गारिटिफेरा मार्गारिटिफेरा हा मोत्याचा शिंपला तर शंभर वर्षांहून अधिक जगतो. अशा प्राण्याच्या बाबतीत काही महिन्यांचे जगणे हे बहुधा सावकाश घडणारे मरण असते.

पाणी स्वच्छ करण्याची कल्पनाही मर्यादित अर्थानेच खरी आहे. शिंपला तरंगणारे कण काढतो, पण त्यांतील न पचलेला भाग विष्ठा व मिथ्याविष्ठा यांच्या रूपाने तळाशी साचतो. माशांनी पाण्यात सोडलेला अमोनिया तो काढून टाकीत नाही. उलट स्वतःच्या उत्सर्जनाने त्यात भर घालतो. गाळणीतील व वाळूतील उपयुक्त सूक्ष्मजंतूंचे काम तो करू शकत नाही.

पात्र व तळ : लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस या जातीचा प्रौढ शिंपला ८–१० सेंमी.पर्यंत लांब होतो. अशा एका शिंपल्यासाठी निदान ६०–८० लिटरांचे पात्र घ्यावे व त्यात एकाहून अधिक शिंपला ठेवू नये. पात्र नवीन नसावे. त्यात वनस्पती रुजून व सूक्ष्मजंतूंची वाढ स्थिर होऊन काही महिने झालेले असावेत. तळाशी धुतलेल्या बारीक वाळूचा, शिंपल्याच्या लांबीइतका जाड थर असावा. धारदार खडी किंवा केवळ मोठे गोटे असल्यास त्याला पाय रोवता येत नाही व पायाला इजा होते. शिंपला वाळूत सरकत असताना नाजूक मुळांच्या वनस्पती उपटल्या जातात. म्हणून त्या दगडाला किंवा लाकडाला बांधाव्यात अथवा वेगळ्या कुंड्यांत लावाव्यात.

संपूर्ण तळावर वाळू पसरण्याऐवजी वाळूने भरलेले एक पसरट भांडे पात्रात ठेवून त्यात शिंपला सोडण्याची पद्धत सोयीची आहे. मोठ्या पात्रात वनस्पतींमागे किंवा वाळूत पूर्णपणे रुतलेला शिंपला मेला तरी कळत नाही. भांड्यात तो रोज पाहता येतो. नव्या जागी पहिले काही दिवस शिंपल्याने फिरणे स्वाभाविक आहे. मात्र तो आठवडेच्या आठवडे एकसारखा जागा बदलीत असेल किंवा वाळूवर आडवा पडून राहत असेल, तर तळ, पाणी अथवा अन्न यांपैकी काहीतरी प्रतिकूल आहे असे समजावे.

पाणी : भारतीय मैदानी जातींना २२° ते ३०° से. तापमान मानवते. तापमान वाढले की शिंपल्याची चयापचयाची गती वाढते आणि त्यास अन्न व ऑक्सिजन दोन्ही अधिक लागतात. उन्हाळ्यात उपासमारीचे परिणाम लवकर दिसतात ते यामुळेच. पाण्याचे पीएच मूल्य ७ ते ८ असावे आणि त्यात कॅल्शियमाचे पुरेसे प्रमाण असावे. अम्लीय व मृदू पाण्यात कवच झिजते व त्यावर पांढरट चट्टे पडतात. दुष्फेन (साबणाचा सहज फेस न होणारे) विहिरीचे पाणी या दृष्टीने बरे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घातक असल्याने ते पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून किंवा सोडियम थायोसल्फेटाची योग्य मात्रा घालून मगच वापरावे. नवीन आणलेला शिंपला एकदम पात्रात न सोडता त्याच्या पाण्यात पात्रातील पाणी थोडेथोडे मिसळून तासाभरात त्याला सवय करावी.

तांब्याची संयुगे शिंपल्यास अत्यल्प प्रमाणातही विषारी असतात. माशांच्या त्वचारोगांवरील काही औषधांत आणि गोगलगायी मारण्याच्या द्रव्यांत तांबे असते. अशी औषधे शिंपला असलेल्या पात्रात कधीही घालू नयेत, मासे वेगळ्या भांड्यात घेऊन त्यांच्यावर उपचार करावेत. पोटॅशियमाचे जादा प्रमाणही शिंपल्यांना मारक असल्याने जलवनस्पतींची पालाशयुक्त खते बेताने वापरावीत.

अमोनियाच्या बाबतीत हे प्राणी माशांहून अधिक संवेदनशील आहेत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१३ मध्ये गोड्या पाण्यातील जलचरांसाठी अमोनियाची मर्यादा नव्याने ठरविली व ती पूर्वीपेक्षा कडक केली. शिंपल्यांवरील प्रयोगांतून आढळलेली ही संवेदनशीलता हे त्याचे प्रमुख कारण होते. पीएच मूल्य ७ व तापमान २०° से. असताना दीर्घकालीन मर्यादा दर लिटरास १.९ मिग्रॅ. एकूण अमोनिया-नायट्रोजन अशी असून पीएच मूल्य व तापमान वाढेल तशी ती कमी होते. घरगुती पात्रात अमोनिया मुळीच न आढळणे हेच ध्येय असावे.

अन्न : शिंपल्यास सर्वांत योग्य अन्न म्हणजे ‘हिरवे पाणी’, म्हणजेच तरंगत्या सूक्ष्म शैवलांची दाट वाढ असलेले पाणी. हे घरी तयार करता येते. पारदर्शक बरणीत जलजीवालयातून बदलून काढलेले जुने पाणी भरून ती दिवसाचे काही तास ऊन मिळेल अशा खिडकीत ठेवावी. त्या पाण्यात नायट्रेट व फॉस्फेट असल्याने वेगळे खत सहसा लागत नाही. बीज म्हणून हिरव्या तळ्याचे, स्वच्छ फडक्यातून गाळलेले थोडे पाणी त्यात मिसळावे. रोज एक-दोन वेळा बरणी हलवावी. एक ते दोन आठवड्यांत पाणी हिरवे होते. त्यातील निम्मे वापरून तेवढेच जुने पाणी पुन्हा भरल्यास वाढ चालू राहते. दोन-तीन बरण्या आळीपाळीने ठेवाव्यात, कारण एखादीतील शैवल अचानक मरून पाणी पिवळट होते व त्यास दुर्गंधी येते. असे पाणी टाकून द्यावे. डबक्याचे पाणी थेट पात्रात घालू नये. त्याबरोबर माशांचे परजीवी व भक्षक कीटकांचे डिंभ येतात.

खाद्य देताना गाळणी दोन-तीन तास बंद ठेवावी. हवेचे बुडबुडे सोडणारे उपकरण मात्र चालू असावे, म्हणजे ऑक्सिजन मिळतो व कण तरंगत राहतात. सर्व पाण्यास फिकट हिरवी झाक येईल इतकेच हिरवे पाणी घालावे. झाक काही तासांत नाहीशी झाल्यास प्रमाण थोडे वाढवावे किंवा दिवसातून दोनदा द्यावे. दुसऱ्या दिवशीही ती तशीच राहिल्यास प्रमाण कमी करावे. पिचकारीने निनालाजवळ अन्न सोडावयाचे असल्यास धार अगदी मंद असावी, जोराच्या धारेने शिंपला मिटतो व अन्न वाया जाते. आठवड्यातून एकदा भरपूर खाद्य देण्यापेक्षा रोज थोडे देणे हितावह असते, कारण या प्राण्याचे अन्नग्रहण जवळजवळ अखंड चालते.

हिरव्या पाण्याला पर्याय म्हणून सूक्ष्म शैवलांची संहत मिश्रणे विकत मिळतात. अमेरिकेतील दुर्मिळ शिंपल्यांच्या संवर्धन केंद्रांत मुख्यतः समुद्री शैवलांपासून केलेली अशी मिश्रणे वापरतात. ती पौष्टिक असली, तरी त्यांतील कोशिका निर्जीव असल्याने न खाल्लेला भाग लवकर कुजतो. म्हणून ती थेंबांच्या मापाने द्यावी लागतात. स्पिरुलिनाची अतिशय बारीक भुकटी पाण्यात कालवून व फडक्यातून गाळून पूरक म्हणून देता येते. पिठे, दूध, अंड्यातील बलक किंवा किण्व यांचा पुरस्कार काही वेळा केला जातो. परंतु त्यांनी पाणी फार लवकर नासते आणि त्यांत शैवलांतील आवश्यक मेदाम्ले पुरेशी नसतात. केवळ एका प्रकारच्या शैवलापेक्षा मिश्र शैवले व त्यांबरोबरचे सूक्ष्मजंतू असलेले अन्न अधिक उपयुक्त ठरते.

मोत्यांच्या शेतीतही हेच तत्त्व दिसून येते. भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगा येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील जलसंवर्धन संस्थेत १९८७ पासून गोड्या पाण्यातील मोत्यांविषयी संशोधन होत असून त्यासाठी वर उल्लेखिलेल्या तीन भारतीय जाती वापरल्या जातात. कवचात कृत्रिम केंद्रक बसविलेले शिंपले जाळीच्या पिशव्यांतून तळ्यात टांगतात आणि तळ्यास शेणखत व इतर खते देऊन पाण्यात प्लवकांची वाढ टिकवून ठेवतात. म्हणजे व्यवसाय म्हणून शिंपले पाळणारा शेतकरी पाणी मुद्दाम हिरवे राखतो, तर घरगुती जलजीवालयाचा मालक ते हिरवे होऊ नये म्हणून झटतो. घराच्या अंगणात किंवा गच्चीवर ऊन मिळणारा मोठा हौद असल्यास शिंपल्यासाठी तो दिवाणखान्यातील काचपात्रापेक्षा अधिक योग्य होय.

पोषणाची पारख : शिंपल्याचे पोषण होते की नाही हे वजनावरून ठरविता येते. महिन्यातून एकदा तो हलकेच उचलून, कवच मिटल्यावर ओल्या फडक्याने टिपून लगेच वजन करावे व लांबी मोजावी. आत अडकलेल्या पाण्यामुळे वजनात थोडा फरक पडतो, म्हणून एका नोंदीवर विसंबू नये. तीन-चार महिन्यांच्या नोंदींत वजन सतत घटत असल्यास उपासमार चालू आहे असे निश्चित मानावे. वाढत्या वयाच्या शिंपल्याच्या कवचाच्या कडेला नवीन, फिकट व पातळ पट्टा दिसणे हे उत्तम पोषणाचे लक्षण आहे. निरोगी शिंपल्याची निनाले दिवसाचा बराच वेळ उघडी असतात आणि सावली पडल्यास किंवा स्पर्श झाल्यास ती आत घेतली जाऊन पुटे घट्ट मिटतात. पुटे मंदपणे किंवा अर्धवट मिटणे हे अशक्तपणाचे चिन्ह आहे. उघडी पुटे बोटाने दाबून सोडल्यावर पुन्हा उघडत असतील, तर प्राणी मेलेला असतो.

मेलेला शिंपला ताबडतोब काढून टाकावा. त्याच्या शरीरात मऊ ऊतक बरेच असते आणि ते उष्ण पाण्यात एक-दोन दिवसांत कुजून लहान पात्रातील अमोनिया एकदम वाढवते; एका शिंपल्याच्या मृत्यूमुळे पात्रातील सर्व मासे दगावू शकतात. अशा वेळी एक-तृतीयांश ते निम्मे पाणी बदलून हवेचा पुरवठा वाढवावा.

सहवासी प्राणी : लहान व शांत मासे, झिंगे आणि बहुतेक गोगलगायी यांच्याबरोबर शिंपला ठेवता येतो. खेकडे, फुगे मासे व तळ उकरणारे मोठे मासे त्याच्या निनालांचे लचके तोडतात. एकसारख्या टोचणीने शिंपला मिटून राहतो. मिटलेला असताना तो खाऊ शकत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष इजा न होताही त्याची उपासमार होते.

यूरोपातील बिटरलिंग (ऱ्होडियस अमॅरस) हा लहान मासा शिंपल्याशिवाय प्रजनन करू शकत नाही. विणीच्या हंगामात मादीची अंडनिक्षेपक नळी लांब वाढते व तिच्या साहाय्याने ती शिंपल्याच्या बहिर्वाही निनालातून त्याच्या क्लोमांत अंडी घालते. नर अंतर्वाही निनालाजवळ शुक्राणू सोडतो व ते पाण्याच्या प्रवाहाबरोबर आत जातात. पिले सु. महिनाभर क्लोमांतच वाढून बाहेर पडतात. या माशाची वीण पाहण्यासाठी यूरोपातील अनेक हौशी लोक शिंपले पाळतात. क्लोमांत वाढणाऱ्या पिलांमुळे शिंपल्याच्या श्वसनात व अन्नग्रहणात अडथळा येतो, म्हणून या काळात त्यास अधिक अन्न लागते.

प्रजनन : शिंपल्याचे स्वतःचे डिंभही माशांवर अवलंबून असतात. मादीच्या क्लोमांत अंड्यांपासून ग्लोचिडियम नावाचे सूक्ष्म, दोन पुटांचे डिंभ तयार होतात. एका मादीपासून जातीनुसार हजारो ते लक्षावधी डिंभ बाहेर पडतात. राट्के यांनी १७९७ मध्ये ते शिंपल्याच्या क्लोमांतील परजीवी प्राणी असल्याचे मानून त्यांस ग्लोचिडियम हे नाव दिले. ते शिंपल्याचेच डिंभ असल्याचे पुढे सिद्ध झाले आणि १८६६ मध्ये लायडिख यांना ते माशांच्या अंगावर आढळल्याने जीवनचक्राचा उलगडा झाला. माशाच्या क्लोमांना किंवा परांना चिकटून डिंभ काही आठवडे राहतात व रूपांतरानंतर तळाशी गळून पडतात. योग्य पोशिंदा मासा न मिळाल्यास ते थोड्याच काळात मरतात. प्रत्येक जातीचे पोशिंदे मासे ठरावीक असल्याने आणि पिलांना सतत सूक्ष्म अन्न लागत असल्याने घरगुती पात्रात शिंपल्यांची पैदास क्वचितच होते. माशावरील थोडे डिंभ सहसा अपायकारक नसतात. लहान पात्रात मात्र त्यांची संख्या फार झाल्यास माशांच्या श्वसनास त्रास होतो.

निसर्गातून गोळा करणे व सोडणे : जलजीवालयात पैदास होत नसल्याने विक्रीस येणारे बहुतेक शिंपले नद्या-तळ्यांतून गोळा केलेले असतात. प्रत्येक मेलेल्या शिंपल्याच्या जागी नवीन आणण्याची प्रथा म्हणूनच आक्षेपार्ह ठरते. धरणे, प्रदूषण व अतिरिक्त उपसा यांमुळे हा प्राणिगट जगभर धोक्यात आला आहे. उत्तर अमेरिकेत १८९१ मध्ये मस्कटीन येथे शिंपल्यांपासून गुंड्या तयार करण्याचा उद्योग सुरू झाला व नद्यांतील शिंपल्यांचे साठे झपाट्याने घटले. त्या खंडातील सु. ३०० जातींपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश जाती आज लोप पावलेल्या वा संकटग्रस्त आहेत. अमेरिकेच्या शासनाने २०२३ मध्ये नामशेष ठरल्यामुळे संरक्षित यादीतून वगळलेल्या २१ जातींपैकी ८ शिंपल्यांच्या होत्या. ब्रिटनमध्ये मोत्यांसाठी शिंपले पकडण्यास १९९८ पासून बंदी आहे.

नको झालेला शिंपला, मासा किंवा पात्रातील पाणी नदी-तळ्यात सोडणे हेही तितकेच घातक असते. पूर्व आशियातील सिनॅनोडोंटा वुडियाना हा मोठा शिंपला माशांच्या अंगावरील डिंभांवाटे यूरोपात पोहोचला व तेथील स्थानिक जातींशी स्पर्धा करू लागला. झेब्रा शिंपला (ड्राइसेना पॉलिमॉर्फा) हा लहान, दगडांना व नळांना चिकटून वाढणारा द्विपुट प्राणी २०२१ मध्ये अमेरिकेतील अनेक राज्यांतील दुकानांत, जलजीवालयांसाठी आयात केलेल्या शैवलाच्या गोळ्यांवर आढळला आणि ते गोळे नष्ट करण्याच्या सूचना शासनास द्याव्या लागल्या. पाळलेला शिंपला जेथून आणला ते ठिकाण निश्चित माहीत असल्याखेरीज तो कोठेही सोडू नये.

थोडक्यात, गोड्या पाण्यातील शिंपला हा जलजीवालयाची सफाई करणारा नोकर नसून स्वतंत्र व काटेकोर आहाराची गरज असलेला प्राणी आहे. मोठे व जुने पात्र, खोल वाळू, तांबे व अमोनिया यांपासून मुक्त असे कॅल्शियमयुक्त पाणी आणि वर्षभर रोज हिरव्या पाण्याचा पुरवठा यांची तयारी असेल तरच तो पाळावा. यांपैकी शेवटची गोष्ट शक्य नसल्यास बाकीच्या तिन्हींचा उपयोग होत नाही.